टॉवरचं झाड: भिवापूर तालुक्यातल्या एका गावाचं प्रकरण

माझी भाची नागपुरात समाजकार्य शिकवते. तिच्या विद्यार्थ्यांना ‘शाश्वत विकास आणि इंटरनेट’ असा एक भाग आहे. तिनं मला सांगितलं, "मामा, भाषण नको. एक प्रकरण लिहून द्या. काय झालं, का झालं, पुढं काय केलं." मी टेलिफोन खात्यात एकोणतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी खांबावर नाहीतर खड्ड्यात. भाषण मला तसंही जमत नाही. म्हणून माझ्या सासुरवाडीच्या गावात २०२५ च्या खरिपात जे घडलं ते लिहितो. गावाचं नाव लिहीत नाही. तीनशे उंबऱ्यांचं गाव, माणसं लगेच ओळखू येतील.

उमरेडच्या कोळसा खाणी मागे टाकून भिवापूरकडे निघालं की काही अंतरावर एक फाटा फुटतो, तिथून आत जायचं. एका बाजूला धानाच्या बांध्या सुरू होतात, दुसऱ्या बाजूला कापूस, सोयाबीन, तूर आणि थोडी मिरची. पलीकडं जंगल. गावाच्या पश्चिमेला बरड आहे आणि बरडावर मोहाचं एक जुनं झाड. गावात त्याला ‘टॉवर’ म्हणतात. थट्टेनं नव्हे, ते नावच पडून गेलं आहे. "बाबा कुठं गेले?" "टॉवरवर गेले." मोबाइलला दोन कांड्या मिळतात त्या फक्त त्या झाडाखाली. गावात एक कांडी येते, जाते. नाल्यापलीकडच्या शेतांत तीही नाही.

पोळ्याला मी गावात होतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी झाडाखाली अकरा माणसं मोजली. बहुतेकांचे हात वर. एकानं फोन काठीच्या टोकाला बांधून हॉटस्पॉट लावला होता आणि खाली बसलेले तिघं त्यावर काम करत होते. कोणी पीक पाहणीत अडकला होता, कोणाचं फार्मर आयडीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या सरकारी ओळख क्रमांकाचं, काम निघालं होतं, एक पोरगा तंत्रनिकेतनाचा प्रवेश तपासत होता. माझे चुलत सासरे, त्यांना आम्ही काकाजी म्हणतो, तेही त्यांत होते. मला पाहून म्हणाले, "या जवाई, बसा. इथं बसल्याबिगर आता सरकार भेटत नाई."

काकाजींचं काय झालं

काकाजींची साडेपाच एकर. तीन एकरांत कापूस होता आणि तो तुकडा नाल्यापलीकडं, जंगलाला लागून.

पूर्वी पिकाची नोंद तलाठी करायचा. सातबाऱ्यातला सात म्हणजे मालकीचा नमुना आणि बारा म्हणजे पिकांचा. तो बारा नंबर तलाठी भरायचा, कधी शेतावर जाऊन, कधी चावडीत बसून. त्यात काय काय चालायचं ते इथं सांगत बसत नाही, पण ‘मागच्या वर्षी होतं तेच’ हा नोंदीचा एक मान्य प्रकार होता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतः ॲपमध्ये गट नंबर निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा. फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश जातात, म्हणून घरी बसून शेजाऱ्याच्या कपाशीचा फोटो चालत नाही. कल्पना चांगली आहे हे मी मनापासून म्हणतो. आपल्या पिकाची नोंद आपण करायची, कोणाच्या हातापाया पडायचं नाही.

पण या कामाचे दोन तुकडे आहेत आणि ते दोन वेगवेगळ्या जागी करावे लागतात. लॉगिनचा ओटीपी येतो तिथं, जिथं मोबाइलचं सिग्नल आहे. फोटो काढावा लागतो तिथं, जिथं पीक आहे. काकाजींच्या बाबतीत या दोन जागांमध्ये दोन किलोमीटर आणि एक नाला आहे. अक्षांश-रेखांशाला नेट लागत नाही, ते उपग्रहावरून येतात. त्यामुळं शेतात फोटो काढून ठेवायचा आणि नेटवर्कमध्ये आल्यावर चढवायचा, अशी सोय ॲपमध्ये आहे. ऑफिसात बसून पाहिलं तर प्रश्न सुटला.

काकाजींनी तसंच केलं. झाडाखाली लॉगिन, मग नाला ओलांडून शेतात, चिखलात उभं राहून फोटो, मग परत झाडाकडं. तोवर दिवे लागणीची वेळ झाली. चढवायला टाकलं तर चाक फिरत राहिलं. "फिरूनच रायलं, फिरूनच रायलं," काकाजी सांगतात, "मनलं झालं असन." फोन धाकट्या मुलाचा. दोन दिवसांनी त्या फोनची जागा भरली. ॲप उघडेना म्हणून नातवानं ते काढून टाकलं आणि नव्यानं टाकलं. पोरांच्या हिशेबी ही दुरुस्तीच. पण न चढलेला फोटो आणि भरलेली माहिती फोनच्या पोटातच होती, ती ॲपबरोबर गेली. कोणाला पत्ता लागला नाही.

ज्यांची नोंद राहते त्यांच्यासाठी नंतर पीक पाहणी सहायक फिरतो. तो गावात आला तेव्हा काकाजी मुलीकडं ब्रह्मपुरीला गेले होते. घरच्यांनी सांगितलं, आमचं झालं आहे. खोटं कोणीच बोललं नाही.

हे उघडं पडलं ते कापूस घरात आल्यावर. त्या हंगामात हमीभावानं कापूस विकायला ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सक्तीची होती आणि तिला कापसाचा पेरा दाखवणारा सातबारा लागत होता. काकाजींच्या त्या गटावर पिकाचा रकाना कोरा. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०. केंद्रानं ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवलेलं, त्यामुळं खुल्या बाजारात भाव हमीभावाच्या खाली. अशा वर्षी हमीभावाचं केंद्र म्हणजे शेवटची फांदी. काकाजींनी दुरुस्तीसाठी दोन चकरा मारल्या, तिसरीला कंटाळले आणि दारावर आलेल्या खेडा खरेदीवाल्याला सतरा क्विंटल ६,८०० नं दिले. प्रत लांब धाग्याची धरली आणि ओलाव्याची कपात सोडली, तर क्विंटलमागं १,३१० रुपयांचा फरक. एकूण २२,२७०. काकूंनी हा आकडा माझ्यासमोर पंचांगाच्या मागच्या पानावर लिहिला. अजून तिथंच आहे.

लाल दिवा

आता माझ्या कामाचा भाग, म्हणून इथं मी थोडा रेंगाळणार.

गावात इंटरनेट नाही असं कागद म्हणत नाही. कागद म्हणतो, आहे. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलेलं आहे. केंद्रानं ऑक्टोबर २०११ मध्ये सगळ्या ग्रामपंचायती फायबरनं जोडायची योजना मंजूर केली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. प्रत्येक पंचायतीला किमान १०० एमबीपीएस वेग, असा हिशेब. डिसेंबर २०१७ पर्यंत पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती जोडल्या. दुसऱ्या टप्प्याचं काम महाराष्ट्रात बरंचसं राज्य सरकारनं महानेट नावानं हाती घेतलं. या गावाची पंचायतही जोडलेल्यांच्या यादीत आहे. फायबरमधला प्रकाश घेऊन पंचायतीत इंटरनेट देणारं जे यंत्र असतं त्याला आम्ही डबा म्हणतो. मी विचारलं, "डबा कुठं आहे?" ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकानं कपाट उघडून दाखवलं. जुन्या मतदार याद्यांच्या गठ्ठ्यामागं, वर मुंग्यांची ओळ.

डब्यावर एकही दिवा नव्हता. सोबतची बॅटरी फुगलेली, टर्मिनलवर पांढरी बुरशी. डब्याचा प्लग काढून तिथं प्रिंटर लावलेला. परिचालक बिचारा म्हणाला, "सर, तसंही ते चालत नव्हतं. प्रिंटर तं चालते." त्याचं काय चुकलं सांगा. त्याला कोणी शिकवलेलं नाही, त्याचं मानधन वेळेवर होत नाही, आणि दाखले काढायचं काम तो स्वतःच्या मोबाइलच्या डेटावर करतो, खिडकीच्या त्या एका कोपऱ्यात खुर्ची ओढून.

मी प्रिंटर काढून डबा लावला. पॉवरचा दिवा हिरवा झाला आणि दोन सेकंदांत एलओएसचा दिवा लाल. एलओएस म्हणजे प्रकाश येत नाही. फायबरमध्ये वीज नसते, प्रकाश असतो, आणि तोही डोळ्याला न दिसणारा. तालुक्याच्या एक्सचेंजमधून निघालेला प्रकाश वाटेत विजेशिवाय, नुसत्या काचेच्या फाट्यांतून वाटला जात पंचायतीपर्यंत येतो. या पद्धतीचं हेच मोठं सुख: मधल्या वाटेत वीज गेली तरी फरक पडत नाही. पण काच तुटली की संपलं. म्हणजे इथं दोन आजार होते. बॅटरी मेलेली म्हणून डबा बंद, आणि डबा बंद म्हणून तार तुटलेली आहे हे कोणाला कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडूच्या मोटारसायकलवर बसून रस्त्याकडेनं तार शोधत निघालो. एका नाल्यावरच्या नव्या मोरीपाशी नारिंगी पाइपाचं टोक मातीतून डोकावत होतं. जेसीबीच्या दातानं चावलेलं. नियमानं हा पाइप १६५ सेंटीमीटर खोल, म्हणजे माणूस उभा पुरेल इतका खाली असायला हवा. इथं तो माझ्या गुडघ्याइतकाही खोल नव्हता. ज्या कंत्राटदारानं खोदलं त्यानं मीटरप्रमाणं पैसे घेतले, खोलीप्रमाणं नाही. मोरीवाल्यानं पाइप तोडला आणि वर माती ओढली. दोघांनाही काही झालं नाही, दोघांचीही बिलं निघाली असणार.

आणखी एक गोष्ट. ही लाइन सरळ एका पाटासारखी टाकलेली. वरच्यानं पाट फोडला की खालची सगळी शेतं कोरडी. या मोरीच्या पुढच्या पंचायतींतही तोच लाल दिवा असणार, आणि तिथंही कदाचित प्रिंटर लावलेला. ही अडचण दिल्लीला माहीत नाही असं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले, त्यात सरळ लाइनच्या जागी वर्तुळ करायचं ठरलं आहे, म्हणजे एकीकडून तुटलं तर दुसरीकडून प्रकाश येईल, आणि पुढच्या देखभालीचा खर्चही त्यातच धरला आहे. चांगलं आहे. या मोरीपर्यंत ते वर्तुळ अजून आलेलं नाही.

बाईचा फोन

भाचीनं हा मसुदा वाचून विचारलं, "मामा, यात बायका कुठं आहेत?" खरं होतं, झाडाखालच्या अकरांत एकही बाई नव्हती.

दिवाळीत गेलो तेव्हा मात्र होत्या. लाडकी बहीणच्या दीड हजारांसाठी ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, सप्टेंबरात सुरू झाली होती आणि तिचा ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवर येतो. काकाजींच्या थोरल्या सुनेचा आधारला जोडलेला नंबर म्हणजे माहेरून आणलेलं सिम. रिचार्ज न केल्यामुळं ते कधीच बंद पडलेलं. घरात फोन तीन, पण तिन्ही पुरुषांच्या खिशात. नंबर बदलायला भिवापूरच्या आधार केंद्रात जावं लागलं. १ ऑक्टोबरपासून त्याची फी ५० वरून ७५ झाली होती. एसटीचं तिकीट बाईला अर्धं, तेवढं बरं. पण पहिल्या दिवशी केंद्राची रांग संपली नाही, दुसऱ्या दिवशी केंद्राचंच नेट गेलं, तिसऱ्या दिवशी काम झालं. तीन दिवसांची वेचणीची मजुरी बुडाली. सून मला म्हणाली, "भाऊजी, नंबर माहा, पैसे माहे, आन फोन मागाले जावं लागते." पुढं ती हसली, पण मला हसता आलं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, देशाच्या ग्रामीण भागात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका २४.६ टक्के निघाल्या, पुरुष ४८.७. आकडा जुना आहे, त्यानंतर फोन पुष्कळ वाढले. पण ‘कधीतरी वापरलं’ आणि ‘हवं तेव्हा हातात आहे’ यांत जो फरक आहे तो अजून कोणी नीट मोजत नाही.

मोजमाप कुठं घसरतं

संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं आणि त्यांखाली १६९ लक्ष्यं मान्य केली. इंटरनेट हे त्यांत स्वतंत्र उद्दिष्ट नाही. ते नवव्या उद्दिष्टाच्या शेपटाला, ९-सी म्हणून आहे: अल्पविकसित देशांत २०२० पर्यंत सर्वांना परवडणारं इंटरनेट देण्याचा प्रयत्न. भारत अल्पविकसितांच्या यादीत नाही, तेव्हा अक्षरशः वाचलं तर हे आपल्याला लागूच नाही. पण मोजपट्टी सगळ्या जगाला तीच लावतात. आणि ती मोजपट्टी काय म्हणते? लोकसंख्येपैकी किती जण मोबाइल नेटवर्कच्या छायेत येतात.

लोकसंख्येपैकी. माणूस मोजायचा तो राहतो तिथं, म्हणजे घरी. शेतात कोणी राहत नाही, म्हणून शेतावर सिग्नल आहे की नाही हे या आकड्यात येतच नाही. गावात एक कांडी आली की तीनशे घरं ‘छायेत’ गेली. काकाजींचे तीन एकर कुठल्याच नकाशावर अंधारात नाहीत, कारण नकाशा त्यांना विचारतच नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे २०२४ चे आकडे बघा: मोबाइल ब्रॉडबँडची छाया जगातल्या ९६ टक्के लोकांवर, आणि तरी इंटरनेट न वापरणारे २६० कोटी, त्यातले १८० कोटी ग्रामीण. छायेतली माणसं आणि वापरणारी माणसं यांच्या मधल्या फटीत मोहाचं झाड उभं आहे.

शेतातलं सिग्नल ही चैन आहे असं वाटत असेल तर विजेचं उदाहरण घ्या. विदर्भात दर पावसाळ्यात शेतात वीज पडून माणसं मरतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं ॲप केलं आहे. आपल्या भोवती २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडण्याची शक्यता असली तर ते आधी सांगतं. फार उपयोगाचं. पण हा इशारा घरात बसलेल्याला कशाला हवा? तो निंदण करणाऱ्या बाईला आणि झाडाखाली आडोशाला थांबलेल्या गुराख्याला हवा, आणि नेमका तिथंच फोन मुका असतो. वर आमच्या गावाचं सिग्नल बरडावरच्या उंच झाडाखाली! वीज कडाडत असताना तिथं उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलं असताना मी स्वतः तिथं चार माणसं पाहिली आहेत.

भाचीच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी विचारेल, मग ॲप बंद करून तलाठ्याकडं परत जायचं का? माझं उत्तर नाही. मी त्या काळातली नोंद पाहिली आहे. माझं म्हणणं एवढंच की हक्क नेटवर चढवला तर नेट तुटल्यावर तो हक्क कुठं उतरवायचा ती जागा आधी करून ठेवायला हवी. सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ ला ई-केवायसीबद्दल जो निकाल दिला तो याच वळणाचा आहे. दृष्टिहीन आणि ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या लोकांना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची अट पुरी करता येत नव्हती. न्यायालयानं डिजिटल सोयींपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि त्या मंडळींसाठी पर्यायी वाटा करायला सांगितलं. काकाजींचे डोळे शाबूत आहेत. पण नाल्यापलीकडं उभा असलेला माणूस सरकारच्या दृष्टीनं तेवढाच अदृश्य असतो.

आणि कोणी म्हणेल की एवढ्या लांब नेट न्यायला पैसा कुठून आणायचा, तर तो पैसा काकाजी देतात. टेलिफोन कंपन्यांच्या ठरावीक उत्पन्नातून पाच टक्के रक्कम आडगावात सेवा नेण्यासाठीच्या निधीला जाते. पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा निधी म्हणत, आता डिजिटल भारत निधी म्हणतात. प्रत्येक रिचार्जमध्ये त्याचा वाटा आहे.

पुढं काय केलं

दिवाळीनंतर तीन गोष्टी झाल्या, आणि तिन्ही अर्ध्याच.

पहिली, तार. ज्या कार्यालयाकडं तक्रार करायची तिथं माझ्या ओळखीचं कोणी उरलेलं नाही. बहुतेक जण २०२० च्या जानेवारीत स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले, मीही त्यातलाच. तक्रारीला नंबर मिळाला, माणूस मिळायला पाच आठवडे गेले. आला तो पोरगा पंचविशीचा, कंत्राटावरचा, पण हात सोन्याचा. मोरीपाशी ताडपत्री अंथरून त्यानं बाटलीभर स्पिरिटनं काच पुसली, कटरनं टोक सरळ कापलं आणि जोडणीच्या मशीनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर ठेवली. काचेची जाडी केसाएवढी, आणि तिच्यातला प्रकाश जिथून जातो तो गाभा त्याहूनही कितीतरी बारीक. मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन खांब एकमेकांकडं सरकताना दिसले, मध्ये एक ठिणगी, आणि खांब एक झाले. मशीननं प्रकाशाचा तोटा दाखवला ०.०२ डेसिबल, म्हणजे नसल्यातच जमा. मी आयुष्यभर हे पाहिलं आहे, तरी प्रत्येक वेळी श्वास रोखला जातो. बघायला जमलेल्या पोरांपैकी एकानं विचारलं, "एवढ्याशा काचेतून पिच्चर कसा येते जी?" त्या कंत्राटावरच्या पोरानं काम थांबवून त्याला दहा मिनिटं समजावलं. कंपनी त्याला जोडामागं पैसे देते, समजावण्याचे देत नाही.

दुसरी, बॅटरी. ती चार-पाच हजारांची वस्तू. ग्रामसेवक म्हणाले, डबा आमच्या मालकीचा नाही, त्याच्यावर खर्च टाकला तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल. ज्यांच्या मालकीचा आहे ते म्हणाले, बॅटरी बदलण्याचा करार संपला. शेवटी शाळेच्या मुख्याध्यापकांनी आणि बचत गटानं वर्गणी काढली. जुनी फुगलेली बॅटरी अजून पंचायतीच्या ओट्यावर पडून आहे. शिशाची बॅटरी भंगारवाल्याला द्यायची की विकणाऱ्याला परत करायची, यावर गावात दोन मतं. २०२२ चे नियम ती उत्पादकानं परत घ्यावी म्हणतात, पण भिवापूरच्या दुकानदाराला ते सांगून बघा. ‘शाश्वत’ हा शब्द लिहिताना माझ्या डोळ्यासमोर ती बॅटरी येते आणि तिच्यावर बसलेली कोंबडी.

तिसरी, माणूस. माझ्या दृष्टीनं हीच कामाची ठरली. बचत गटातली बारावी झालेली एक मुलगी दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, पंचायतीच्या ओट्यावर बसते. वहीत प्रत्येक खातेदाराच्या नावापुढं तीन खुणा: फोटो काढला, चढला, सातबाऱ्यावर दिसला. तिसरी खूण होईपर्यंत नाव खोडायचं नाही. ‘चढलं असन’ हे उत्तर ती घेत नाही. बायकांच्या आधारचे नंबर तिनं एका वेगळ्या पानावर तपासून घेतले. त्यात ज्यांचे सिम मेलेले निघाले त्या सगळ्या एकाच दिवशी, एकाच एसटीनं भिवापूरला गेल्या. तिला प्रत्येक कामाचे दहा रुपये मिळतात. पंचायतीनं मानधन द्यावं असा अर्ज दिला आहे, ठराव झालेला नाही.

शेताचं मात्र जागच्या जागी राहिलं. पंचायतीच्या छपरावरून नाल्यापलीकडच्या मोटारघरावर बिनतारी जोड देता येईल. बिनतारी लहरींच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला बराचसा भाग २०१८ पासून परवानामुक्त आहे, दोन छोट्या छत्र्या, म्हणजे डिश अँटेना, समोरासमोर दिसल्या की झालं. पण मध्ये सागाची झाडं आहेत, मोटारघराची वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीच असते, आणि छत्री चोरीला गेली तर कोणी भरायची हे ठरत नाही. मी उंची मोजून, कागदावर रेघ मारून दिली आहे. सरपंचबाईंनी तो कागद नीट घडी घालून ठेवला.

मी जानेवारीत गेलो तेव्हा पंचायतीतला दिवा हिरवा होता. भिंतीवर पासवर्ड खडूनं लिहिलेला, त्याखाली बसलेली पोरं. परिचालकानं प्रिंटरसाठी वेगळा बोर्ड लावून घेतला होता. काकाजींनी कापसाच्या त्याच तुकड्यात थोडा हरभरा टाकला आहे. त्याची पीक पाहणी करायला आम्ही दोघं गेलो. लॉगिन पंचायतीत झालं, फोटो शेतात काढला. परत येताना मी सवयीनं गावाकडं वळलो, तर काकाजी बरडाकडं निघाले. मी म्हटलं, "काकाजी, पंचायतीत आहे ना आता."

"हाय ना," ते म्हणाले, "पण कुलूप पाच वाजताच लागते."

साडेपाच झाले होते. आम्ही झाडाखाली उभे राहिलो. चाक फिरलं, थांबलं, आणि ‘माहिती यशस्वीरीत्या पाठवली’ असं आलं. काकाजींनी मला तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "आता गुरुवारी तिच्या वहीत पायतो."